धावा आणि त्याचे उत्तर : शत्रुभयातील प्रार्थनेची वाङ्मयीन संरचना

१

मराठी संतकवितेत आणि आख्यानपर काव्यात ‘धावा’ हा एक सुपरिचित प्रकार आहे. शत्रू समोर उभा ठाकला आहे, निसटून जाण्यास वाट नाही, ज्यांनी सोडवावे ते गप्प आहेत, अशा वेळी माणूस देवाला जी हाक मारतो ती धावा या नावाने ओळखली जाते. नक्राने पाय धरलेला गजेंद्र, कौरवसभेत ओढून आणलेली द्रौपदी, बादशहाच्या शिपायांनी गाठलेली कान्होपात्रा, बडव्यांच्या हातचा मार खाणारा चोखामेळा, वह्या बुडवल्यानंतर इंद्रायणीकाठी अन्नपाणी वर्ज्य करून बसलेला तुकाराम ही धाव्याची मराठी मनात ठसलेली चित्रे होत. कीर्तनाच्या उत्तररंगात ती पिढ्यानपिढ्या रंगवली गेली, पुढे रंगभूमीने आणि चित्रपटानेही ती उचलली.

या प्रकाराचे जे वाचन मराठीत रूढ झाले आहे ते मुख्यतः दोन दिशांनी जाते. भाविक वाचनाला धाव्याचे महत्त्व वाटते ते देव धावून आला म्हणून. वस्त्रे पुरवली गेली, वह्या पाण्यात कोरड्या राहिल्या, भक्ताची लाज राखली गेली. या चमत्काराची प्रस्तावना म्हणून प्रार्थना वाचली जाते. आधुनिक चिकित्सक वाचन याच्या विरुद्ध टोकाला उभे असते. देव असा कोणासाठी धावून येत नाही; तेव्हा शत्रूशी झगडण्याऐवजी देवाला हाक मारणे ही दुर्बळाने स्वतःची करून घेतलेली समजूत आहे, आणि तिने प्रस्थापित सत्तेचे काम सोपेच केले आहे, असा या वाचनाचा निष्कर्ष असतो. ही दोन्ही वाचने परस्परविरोधी भासली तरी त्यांचे गृहीत एकच आहे. धाव्याचा अर्थ त्याच्या फलावरून ठरवावयाचा, हे ते गृहीत होय. एकाला फल मिळालेले दिसते, दुसऱ्याला ते मिळालेले दिसत नाही, एवढाच फरक.

प्रत्यक्ष संहितेकडे वळल्यास मात्र एक साधी गोष्ट ध्यानात येते. ज्यांना धावा म्हणून ओळखले जाते ते बहुतेक अभंग उत्तर येण्यापूर्वीच संपतात. देव आला की नाही, शत्रूचे काय झाले, हाक मारणारा वाचला काय, याविषयी अभंग काही सांगत नाही. हे सारे सांगतो तो चरित्रकार. महिपतीचा ‘भक्तविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) हे ग्रंथ या दृष्टीने निर्णायक ठरले आहेत. त्यांनी अभंगांना प्रसंग दिला, प्रसंगाला शेवट दिला आणि त्या शेवटाच्या उजेडात अभंग वाचण्याची सवय मराठी वाचकाला लावली. अभंगाचा काळ आणि चरित्राचा काळ हे दोन भिन्न काळ आहेत, हे भान त्यामुळे सुटले. धावा हे मूलतः उत्तराआधीचे भाषण आहे. ते तसे वाचले तर त्यात काय घडते, आणि विशेषतः त्यात शत्रूचे काय होते, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

२

धाव्याचे वेगळेपण कळण्यासाठी त्याच्या शेजारच्या प्रकारांपासून तो अलग करावयास हवा. संरक्षणाची याचना करणाऱ्या रचनांत ‘कवच’ हा प्रकार सर्वांत प्रचलित आहे. बुधकौशिक ऋषींच्या नावावर असलेले रामरक्षास्तोत्र हा त्याचा महाराष्ट्राला घरोघरी परिचित असलेला नमुना. मस्तकापासून पायापर्यंत एकेका अवयवाच्या रक्षणाचा भार तेथे देवाच्या एकेका नावावर सोपवला जातो. कवचात शत्रू अनिश्चित असतो, संकट अजून यावयाचे असते, म्हणणारा कोणीही असू शकतो आणि शेवटी फलश्रुती असते. म्हणजे उत्तर रचनेच्या आतच, आधीच देऊन ठेवलेले असते. कवच रोज सायंकाळी म्हणता येते. धावा मात्र एकाच घटकेचा असतो.

दुसरा शेजारचा प्रकार म्हणजे करुणापर रचना. रामदासांच्या करुणाष्टकांत आर्तता आहे, विनवणी आहे. परंतु तेथील संकट बाहेरचे नाही. आवरत नसलेले मन, वाया गेलेले आयुष्य, न साधलेली भक्ती यांविषयीचा तो अनुताप आहे. हाक मारणारा स्वतःवरच आरोप ठेवतो. धाव्यात आरोप बाहेरच्या कोणावर तरी असतो, निदान आरंभी तरी असतो. म्हणून धाव्यात तीन पात्रे अपरिहार्य ठरतात : हाक मारणारा, ज्याला हाक मारली तो आणि ज्याच्यामुळे हाक मारावी लागली तो. या तिघांतील अंतर कसे बदलते, कोण मोठा होतो आणि कोण लहान, यातून धाव्याची संरचना सिद्ध होते.

या त्रिकोणाची पद्धतशीर मीमांसा मराठीबाहेर, हिब्रू स्तोत्रांच्या अभ्यासात झाली आहे. मराठी बायबलमध्ये ‘स्तोत्रसंहिता’ या नावाने समाविष्ट असलेल्या १५० स्तोत्रांपैकी फार मोठा भाग शत्रुभयातील विलापाचा आहे. हेर्मान गुंकेल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या स्तोत्रांचे रचनाप्रकारांनुसार वर्गीकरण केले आणि वैयक्तिक विलापगीत हा त्यांतील एक प्रमुख प्रकार ठरवला. पुढे क्लाउस वेस्टरमान यांनी देव, विलाप करणारा आणि शत्रू अशी तीन अंगे विलापात सतत आढळतात, असे दाखवून दिले. मराठी धाव्याला ही मांडणी उपयुक्त आहे. तथापि तिच्यातून साम्यांइतकेच भेदही स्पष्ट होतात.

पहिले साम्य संपादनाचे आहे. अनेक स्तोत्रांच्या माथ्यावर प्रसंगनिर्देश आहेत. तिसरे स्तोत्र दावीद आपला मुलगा अबशालोम याच्यापासून पळत असतानाचे, तर एकोणसाठावे शौलाच्या माणसांनी त्याला मारण्यासाठी घरावर पाळत ठेवली तेव्हाचे, असे मथळे सांगतात. हे मथळे मूळ रचनेचा भाग नसून नंतरच्या संकलकांनी जोडले, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. स्तोत्रांच्या अंतरंगात बहुधा केवळ ‘शत्रू’ असतो, त्याचे नाव नसते. नाव मथळा देतो. महिपतीने अभंगांच्या बाबतीत जे केले तेच हे कार्य. सर्वांची होऊ शकणारी हाक एका चरित्रात बांधली जाते. तिला वाचक मिळतो, परंतु तिचे मोकळेपण कमी होते.

दुसरी गोष्ट उत्तराची. या विलापस्तोत्रांत पुष्कळदा मध्येच स्वर पालटतो. तक्रार करणारा एकाएकी विश्वासाने, कधी विजयाने बोलू लागतो. या पालटाचे स्पष्टीकरण म्हणून योआखीम बेग्रिश यांनी १९३४ साली असा तर्क मांडला, की दोन भागांच्या मध्ये मंदिरातील पुरोहित देवाच्या वतीने अभयवचन उच्चारीत असावा. तर्काविषयी मतभेद आहेत. परंतु त्याने सुचवलेले चित्र लक्षणीय आहे. हाक आणि उत्तर यांच्या मध्ये तेथे एक संस्था उभी आहे आणि ती हाक मारणाऱ्याच्या बाजूची आहे. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रासारखे, अखेरपर्यंत अंधारातच राहणारे स्तोत्र तेथे अपवादात्मक ठरते. मराठी धाव्यात हा अपवाद जवळजवळ नियम होतो. तिसरा भेद शत्रूच्या शासनाचा. एकशे नवव्या किंवा एकशे सदतिसाव्या स्तोत्रात शत्रूचा, त्याच्या लेकराबाळांचाही विध्वंस मागितला आहे. येथे विचारात घेतलेल्या मराठी अभंगांत शत्रूच्या नाशाची मागणी नाही. तिच्या जागी काय येते, हे पुढील उदाहरणांवरून पाहता येईल.

३

धाव्याचा आदर्श म्हणून मराठी परंपरेने द्रौपदीकडे पाहिले. वस्त्रहरणाच्या प्रसंगी तिने केलेला कृष्णाचा धावा मराठी आख्यानकवींनी आणि कीर्तनकारांनी विस्ताराने रंगवला. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीने मात्र या प्रसंगाचे स्वरूप पालटून टाकले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या या आवृत्तीतील सभापर्व फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केले. ते १९४४ साली प्रसिद्ध झाले. त्यात कृष्णाची प्रार्थना मूळ संहितेत घेतलेली नाही. वस्त्र ओढले जाते आणि त्या जागी दुसरे येते. हे कोणी केले, ते संहिता सांगत नाही.

प्रार्थना वगळल्यावर त्या प्रसंगात द्रौपदीचे जे भाषण उरते ते प्रश्नाचे आहे. स्वतःला आधी हरून बसलेल्या युधिष्ठिराला तिला पणास लावण्याचा अधिकार होता काय, हा तिचा प्रश्न. भीष्म धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून बाजूला होतात. विकर्ण तिच्या बाजूने बोलतो, पण त्याचे कोणी ऐकत नाही. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये द्रौपदीच्या या प्रश्नाची चिकित्सा करताना असा प्रश्न भर सभेत उपस्थित करण्यातच तिची चूक पाहिली. तो निष्कर्ष मान्य असो वा नसो, त्या प्रसंगाच्या केंद्रस्थानी प्रश्न आहे, हे त्यातून अधोरेखित झाले. नंतरच्या परंपरेने या प्रश्नाशेजारी प्रार्थना आणून बसवली आणि हळूहळू प्रार्थनाच प्रसंगाचे केंद्र झाली. ही भर निव्वळ भाविकतेची म्हणून बाजूस सारता येणार नाही. परंपरेने प्रार्थना नेमकी कोठे घातली, हे पाहावयास हवे. सभा गप्प झाल्यानंतर ती येते. न्याय देऊ शकणाऱ्या सर्वांपुढे प्रश्न ठेवून झाला आहे, त्यांतील प्रत्येकाने तो टाळला आहे, आणि तोच प्रश्न आता वेगळ्या श्रोत्याकडे वळतो. धावा हे सभेच्या मौनानंतरचे भाषण आहे.

याच आवृत्तीत उद्योगपर्वात या प्रसंगाची एक आठवण आहे. हस्तिनापुरास परतणाऱ्या संजयाजवळ कृष्ण सांगतो, की आपण दूर असताना द्रौपदीने आपल्या नावाने आक्रोश केला. ते वाढत गेलेले ऋण आपल्या हृदयातून जात नाही. वनपर्वातही, आपण त्या वेळी शाल्वाशी लढण्यात गुंतलो होतो, द्वारकेत असतो तर हे होऊ दिले नसते, असे तो म्हणतो. आणि द्रौपदी त्याच्याच समोर, आपल्याला पती नाहीत, पुत्र नाहीत आणि तूही नाहीस, असे सुनावते. म्हणजे महाकाव्याच्या या स्तरात हाक आहे, पण तिला उत्तर मिळालेले नाही. उत्तर न देता आल्यामुळे ज्याला हाक मारली तो ऋणी राहिला आहे. मराठी आख्यानपरंपरेत हे नाते उलटे झाले : द्रौपदीने कृष्णाच्या कापलेल्या बोटाला आपले वस्त्र फाडून बांधले होते, म्हणून त्याने वस्त्रे पुरवून ते ऋण फेडले, अशी कथा रूढ झाली. ऋणाची कल्पना टिकली. मात्र न फिटलेले ऋण फिटलेले झाले. अनुत्तरित हाक सहन न होणाऱ्या कथनपरंपरेचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

४

महाकाव्याच्या सभेकडून पंढरपूरकडे वळताना एक मूलभूत बदल होतो. द्रौपदीची हाक कवी तिच्या मुखी घालतो; अभंगात हाक मारणाराच कवी असतो आणि शेवटच्या चरणात स्वतःचे नाव घालतो. पंधराव्या शतकातील मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेच्या नावावर जे थोडे अभंग उपलब्ध आहेत, त्यांतील दोन या दृष्टीने एकत्र वाचण्यासारखे आहेत.

कान्होपात्रेची कथा सर्वश्रुत आहे. गणिकेच्या पोटी जन्मलेली ही मुलगी आईचा व्यवसाय नाकारून पंढरीस आली. तिच्या रूपाची वार्ता बिदरच्या बादशहाच्या कानी गेली. त्याने माणसे पाठवली, तेव्हा तिने विठ्ठलाच्या पायांवर प्राण सोडला. ना. वि. कुलकर्णी यांच्या ‘संत कान्होपात्रा’ (१९३१) या नाटकाने ही कथा गंधर्व नाटक मंडळीच्या रंगमंचावर आणली आणि तिचा शेवटचा धावा घराघरांत पोचवला. त्या सर्वांत प्रसिद्ध अभंगात बादशहा नाही, बिदर नाही, शिपाई नाहीत. तेथे फक्त वाघाच्या तावडीत सापडलेले हरिणीचे पाडस आहे. शत्रू मानवी नाव गमावतो. उरते ते निखळ बळ, ज्याच्याशी बोलता येत नाही. हाक मारणारी पाडस झाल्यामुळे ज्याला हाक मारली त्याला आईचे रूप घ्यावे लागते. या अभंगातील विठ्ठल आई आहे, आणि मागणी सुटकेची नसून पोटाशी घेण्याची आहे. अभंग त्या मागणीवर थांबतो.

दुसऱ्या अभंगात हेच संकट वेगळ्या प्रतिमेत मांडले आहे. पतितपावन म्हणवून घेणाऱ्याच्या भक्तामागे असा त्रास का लागावा, असा सवाल करून ती म्हणते की सिंहाच्या वाट्याचा घास कोल्हा उचलून नेऊ लागला तर लाज थोराला वाटावयास हवी. पहिल्या अभंगात शत्रू वाघ होता; दुसऱ्यात तोच कोल्हा झाला आहे. संकट कमी झालेले नाही. बदलली आहे ती संबोधनाची दिशा. शत्रूकडे पाहिले की तो वाघ दिसतो. देवाकडे तोंड करून त्याचा उल्लेख केला की तो कोल्हा होतो. शत्रूचे हे आकुंचन देवाला जबाबदार धरल्यामुळे घडून येते. ज्याचा घास त्याची लाज, या न्यायाने संकटाचा धनी बदलतो. मात्र या युक्तिवादाची किंमतही डोळ्यांआड करता येत नाही. पाडस निदान आईचे असते. घास हा सिंहाचा असला काय आणि कोल्ह्याचा असला काय, घासच असतो. एका मालकीतून सुटण्यासाठी दुसरी मालकी पुढे करावी लागते, ही स्त्रीच्या धाव्यातील अडचण अभंग लपवत नाही. उत्तराची कथा सांगणारे चरित्र मात्र ती सहज ओलांडून जाते. देहान्त हा तेथे मीलन ठरतो आणि देवळातील झाडाच्या रूपाने त्याची खूण दाखवता येते.

५

चौदाव्या शतकातील चोखामेळ्याच्या अभंगात त्रिकोणाची घडीच विस्कटते. येथे शत्रूला नाव आहे. अभंग देवाला त्वरा करण्यास सांगतो, सावकाश चालू नकोस म्हणतो आणि लगेच कारण देतो : बडवे मारत आहेत. पुढे त्यांचा आरोप उद्धृत होतो. विठोबाच्या गळ्यातील हार तुझ्या गळ्यात कसा आला, असे ते विचारतात. देव बाटवल्याची शिवी देतात. आपण तुझ्या दाराशी बसणारे कुत्रे आहोत, आपल्याला दूर लोटू नकोस, अशी विनवणी आहे. आणि शेवटी, आपण उलट बोललो याचा राग धरू नये, असे हात जोडून म्हटले आहे.

बेग्रिश यांच्या तर्काशी हा अभंग ताडून पाहावा. तेथे पुरोहित हाक आणि उत्तर यांना जोडतो. येथे पुरोहितच मारतो आहे. ज्याच्यापासून वाचवावयाचे तोच ज्याला हाक मारावयाची त्याचा सेवक आहे, आणि त्या देवापर्यंत जाण्याची वाट त्याच्याच ताब्यात आहे. अशा स्थितीत शत्रू कोल्हा ठरवता येत नाही, कारण तो सिंहाच्या घरचाच आहे. म्हणून चोखामेळ्याची हाक रूपकाचा आधार जवळजवळ सोडून देते. कोणी मारले, कोणत्या संशयावरून मारले, काय विचारले, कोणती शिवी दिली, असा तिचा क्रम आहे. हा क्रम फिर्यादीचा आहे. मारण्याला काही तरी अपराध कारण असावा, असा जो उल्लेख अभंगात येतो, त्यातील ‘काही तरी’चा मोघमपणा पुरेसा बोलका आहे. फिर्यादीला आपला अपराध माहीत नाही.

हार गळ्यात कसा आला, या प्रश्नाचे उत्तर अभंग देत नाही. चरित्र देते : विठ्ठलाने स्वतःच त्याला गाभाऱ्यात नेऊन हार घातला. या उत्तराने चोखामेळा निर्दोष ठरतो खरा. पण कसोटी बडव्यांचीच कायम राहते. हार चोरलेला नव्हता, दिलेला होता, म्हणून मारणे अन्याय्य; मग हार दिला नसता तर? अभंगाने उत्तर न देता सोडलेला प्रश्न यापेक्षा अधिक अस्वस्थ करणारा आहे. तो हाराच्या मालकीच्या वादात शिरत नाही. मारणाऱ्यांचे बोलणे जसेच्या तसे मांडून थांबतो.

शेवटची क्षमायाचना हे या अभंगाचे सर्वांत वादग्रस्त स्थळ आहे. तिच्यात शतकानुशतकांची लाचारी दिसते, असे म्हणणे चुकीचे नाही. कुत्र्याची उपमाही त्याला पुष्टी देते. परंतु राग नसावा ही विनंती देवाला उद्देशून आहे, बडव्यांना नव्हे, आणि ती ‘उलट बोलण्या’बद्दल आहे. आपण केले ते याचना नसून प्रत्युत्तर आहे, हे बोलणाऱ्यास ठाऊक आहे. बडव्यांचा उल्लेख करताना तो देवालाच उत्तर देण्यास उभे करतो आहे, आणि म्हणून राग येण्याचा संभव देवाकडून आहे. नम्रतेच्या सूत्रात आरोपाची नोंद झालेली आहे. त्याचा मुलगा कर्ममेळा याच्या अभंगांत देवाशी हेच भांडण नम्रतेचे आवरण बरेचसे टाकून पुढे चालू राहते, ही गोष्टही या वाचनाला पूरक आहे.

६

उत्तर संहितेच्या आतच येते, असे एक महत्त्वाचे उदाहरण आहे आणि ते टाळून चालणार नाही. रामेश्वरभट्टाच्या सांगण्यावरून तुकारामाच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि त्याने तेरा दिवस अन्नपाणी सोडले, ही चरित्रकथा असली तरी तेरा दिवसांचा उल्लेख अभंगांतच आहे. या अभंगांत शत्रू जवळजवळ अदृश्य आहे. सारा रोख विठ्ठलावर आहे. तेरा दिवस उलटले तरी तू येत नाहीस, दगडाची खोळ पांघरून बसला आहेस. आता प्राण देईन आणि हत्येचे पाप तुझ्यावर घालीन, अशी ती भाषा आहे.

या भाषेमागे एक सामाजिक व्यवहार उभा आहे. दाद न देणाऱ्या ऋणकोच्या दाराशी धनकोने उपाशी धरणे धरून बसावे आणि प्रसंगी स्वतःच्या जिवाला अपाय करून त्याचे पाप त्याच्या माथी मारावे, हा धरणे व त्रागा या नावांनी ओळखला जाणारा मार्ग पूर्वीच्या महाराष्ट्राला परिचित होता. ज्याच्या हाती दंडसत्ता नाही त्याच्याजवळचे ते न्यायाचे साधन होते. तुकारामाचा धावा हे साधन देवाविरुद्ध वापरतो. रामेश्वरभट्टाच्या दाराशी धरणे धरलेले नाही. कवित्वाची प्रेरणा ज्याने दिली त्याच्या दाराशी धरले आहे. शत्रूने वह्या बुडवल्या, परंतु त्या लिहिण्याचा अधिकार खरा होता की खोटा, हे शत्रू ठरवू शकत नाही. वाद या अधिकाराचा आहे.

नंतरच्या अभंगात कागद पाण्यात राखले गेल्याचे, लोकापवाद टळल्याचे आणि ब्रीद खरे झाल्याचे सांगितले आहे. हे उत्तर आहे यात शंका नाही. मात्र त्या अभंगाचा स्वर विजयाचा नाही. तो आरंभीच स्वतःच्या हातून मोठा अन्याय झाल्याची कबुली देतो : लोकांच्या बोलण्यापायी आपण देवाचा अंत पाहिला, त्याला शीण दिला. त्याच गटातील दुसऱ्या एका अभंगात तर, कोणी मान कापली, दुर्जनांनी खुशाल छळले तरी चालेल, तुला शीण होईल असे पुन्हा करणार नाही, अशी प्रतिज्ञा आहे. महिपतीच्या कथनात याच ठिकाणी रामेश्वरभट्टाचा पश्चात्ताप येतो, शत्रू शरण येतो आणि वर्तुळ पूर्ण होते. अभंगात शत्रूच्या शरणागतीचा आनंद नाही. उत्तर मिळाल्यावर बोलणाऱ्याला आपली हाकच अपराध वाटते. ‘अन्याय’ हा शब्द ज्याच्यासाठी वापरला जाईल असे वाटत होते तो शत्रू बाजूलाच राहतो. हाक मारणारा तो शब्द स्वतःकडे घेतो.

याचा अर्थ काय लावावयाचा? उत्तर मिळाल्यावर धाव्याचे रूपांतर करुणापर रचनेत होते. आरोप बाहेरून आत वळतो. भक्तीच्या दृष्टीने ही उन्नती असेल. साक्षीच्या दृष्टीने येथे काही गमावलेही जाते. तेराव्या दिवसाचा अभंग आणि नंतरचा अभंग यांना पायऱ्या मानून पहिला दुसऱ्यात विलीन करणे हे चरित्राचे वाचन आहे. काव्याच्या वाचनाला दोन्ही अभंग स्वतंत्र ठेवता आले पाहिजेत. दगडाची खोळ पांघरून बसलेल्या देवाला तुकारामाने जे सुनावले, ते नंतरच्या क्षमायाचनेने पुसले जात नाही. गाथेत ते तसेच उभे आहे.

७

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे न झालेले भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ साली प्रसिद्ध केले आणि पुढील आवृत्तीत गांधीजींना उत्तर दिले. त्या उत्तरात त्यांनी संतांविषयी स्पष्ट शब्दांत लिहिले. देवाच्या दृष्टीने सर्व समान, असे संतांनी सांगितले; माणसे परस्परांत समान आहेत, असे नव्हे; आणि पहिल्या सिद्धान्ताने कोणाचेच काही बिघडत नाही, असा त्या प्रतिपादनाचा आशय आहे. धाव्याला हा आक्षेप सर्वाधिक लागू पडतो. देवापुढे केलेल्या फिर्यादीने बडव्यांचे काहीही बिघडले नाही. पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली. बडव्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा कायदा १९७३ चा, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यावर अखेरची मोहोर उठवली ती २०१४ साली. या घटना माणसांच्या सभेत घडल्या, आणि सभा बोलती करण्यासाठी माणसांनाच झगडावे लागले.

हा आक्षेप खोडून काढण्याचे कारण नाही. धावा हा संघर्षाचा पर्याय आहे, असा दावा कोणी केला तर तो आंबेडकरांच्या कसोटीवर टिकणार नाही. परंतु धावा ही संघर्षाच्या अभावाची कबुली एवढीच वस्तू आहे, हा निष्कर्षही संहितेशी प्रामाणिक नाही. माणसांच्या सभेने ऐकण्याचे नाकारल्यावर घडलेल्या गोष्टीची नोंद कोठे करावयाची, हा प्रश्न चौदाव्या शतकातील महाराला, पंधराव्या शतकातील गणिकेच्या मुलीला आणि सतराव्या शतकातील शूद्र कवीला पडला होता. कागदपत्रे, निवाडे, धर्मपीठे ही सर्व ज्यांच्या हाती होती त्यांच्याविरुद्धच ती नोंद करावयाची होती. देवाला उद्देशून बोलणे हा तिला उपलब्ध असलेला व्याकरणिक मार्ग होता. द्वितीयपुरुषी संबोधन देवाचे, पण ऐकणारा सभोवतालचा समाज. कीर्तनात शेकडो लोकांसमोर तो अभंग म्हटला गेला तेव्हा बडव्यांनी चोखामेळ्याला मारले हे वाक्य प्रत्येक वेळी उच्चारले गेले. १९४८ साली आंबेडकरांनी आपला ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. संतांच्या मार्गाविषयीची त्यांची चिकित्सा आणि ही अर्पणपत्रिका यांत विसंगती मानण्याची गरज नाही. मार्ग नाकारूनही साक्ष स्वीकारता येते.

धाव्याच्या समीक्षेने म्हणून दोन गोष्टी करावयास हव्यात. एक, अभंग आणि त्याला जोडलेले चरित्र यांतील सीमारेषा दर वेळी तपासावी, आणि उत्तर कोणाच्या आवाजात येते ते पाहावे. दोन, शत्रूच्या रूपाकडे लक्ष द्यावे. तो वाघ आहे, कोल्हा आहे, देवाचा सेवक आहे की अदृश्य आहे, यावरून हाक मारणाऱ्याची सामाजिक जागा जितकी कळते तितकी त्याच्या भक्तीच्या वर्णनावरून कळत नाही. या दोन कसोट्यांवर गजेंद्रमोक्षाच्या मराठी आख्यानांपासून बहिणाबाईच्या आत्मचरित्रपर अभंगांतील मंबाजीच्या छळाच्या वर्णनापर्यंत बरीच सामग्री नव्याने तपासता येईल. देव आला की नाही, हा प्रश्न त्या तपासणीत बाजूला ठेवता येतो. हाक मारताना कोणावर कोणता आरोप ठेवला गेला, हे मात्र संहितेतून वाचता येते.